शाळा सध्या आमच्या ओटीवर भरते

कोलशेत, गुढीपाडवा, १९९४

व्याही भिवाशेट यांना दामाजीचा रामराम. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? जावईबापूंना आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल उभे आहोत. उभे अशासाठी, की घरात बसायला जागा नाही.

आमची शाळा खाडीला लागून आहे, ती तुम्ही साखरपुड्याला आलात तेव्हा पाहिलीत. माझ्या लहानपणी उधाणाचं पाणी बांधाशी येऊन मुकाट मागे फिरायचं. आता पुनवेला नि अवसेला ते थेट वर्गात शिरतं. (तिवरं तोडून भराव टाकले, मग पाण्याने जायचं कुठे? शिवाय जग तापतंय नि समुद्र चढतोय, असं गुरुजी पेपरातलं वाचून सांगतात. ताप आला जगाला, नि तो अंगावर काढायचा आमच्या पोरांनी!) पाणी शिरलं की पोरं घरी बसतात आणि हजेरीत गैरहजर लागतात. पोरं येत नाहीत म्हणून वरचे साहेब शाळा बंद करून त्यांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत धाडायला निघाले. तो रस्ता ओलांडताना माझ्यासारख्या बाप्याची गाळण उडते, तिथे पहिलीतल्या पोराचं काय?

आम्ही म्हटलं, साहेब, एकदा पाणी बघायला या. साहेब आले, पण अष्टमीला! त्या दिवशी भांगाचं पाणी, भरती नावापुरती, खाडी आपली निपचित पडलेली. साहेबांनी आम्हालाच खोटं ठरवलं. मग दिवाळीच्या अवसेला बोलावलं, तर सरकारी सुट्टी. होळीच्या पुनवेला बोलावलं, तर तीही सुट्टी. मोठं पाणी नि मोठा सण एकाच दिवशी येतात, त्याला साहेब तरी काय करणार?

शेवटी गावकीची बैठक बसली. शाळा हा पोरांचा हक्क आहे, दिल्लीने इतर देशांशी तसा करारही केलाय, असं गुरुजींनी सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या, जागा मात्र कुणी देईना. माझं डोकं फिरलं नि मी ओरडलो, माझी ओटी घ्या! (मला वाटलं, कुणीतरी राहू दे म्हणेल. कुणी म्हणालं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी फळा दारात हजर.

तेव्हापासून आमच्या घरात माणसांपेक्षा दप्तरं जास्त. रात्रभर जाळ्यावर जागून दुपारी जरा डोळा लागतो, तोच सतराचा पाढा सुरू होतो. परवा गुरुजी हजेरी घेत होते, तर मी झोपेतच हजर म्हणालो. हिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर चौथीच्या वर्गाने अपूर्णांक शिकून घेतले; अर्धा, पाव करता करता बोंबील संपले. ही चिडली, पण आता रोज पोरांना पेज करून घालते. आपली मंजुळा, तुमची होणारी सून, पहिलीला अक्षरं शिकवते. अवसेला खाडी शाळेत शिरली, तेव्हा सगळी पोरं आमच्या ओटीवर कोरडी बसून कविता म्हणत होती. खोटं कशाला सांगू, मी दारामागे जाऊन डोळे पुसले.

आता वार्षिक परीक्षेला साहेब स्वतः यायचे आहेत. सगळी पोरं हजर दिसली तर शाळा इथेच राहील, नाहीतर कुलूप. बाकी सर्व ठीक. थोरांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचा,
दामाजी

ता. क. परीक्षेची तारीख आली. नेमकी मंजुळेच्या लग्नाच्याच दिवशी, पुनवेच्या तोंडावर; म्हणजे शाळेत पाणी नि परीक्षा आमच्या ओटीवर. ती तारीख साहेब बदलत नाहीत नि मुहूर्त भटजी बदलत नाहीत. ही उंच ओटी मी लग्नासाठीच बांधली होती, म्हणून मागायला जीभ रेटत नाही. मांडव तुमच्या दारात घालाल का? मुलीच्या बापाने असं मागणं म्हणजे नाक कापून घेणं, हे मला कळतं.

ता. क. दुसरं. मंजुळेने पत्र वाचलं. म्हणते, "बाबा, इतका लांबन कनाला? सरल लिव ना, पोरांची परीक्षा हाय, लगीन तुमच्या दारान." पण नवीन पत्र लिहायला घरात कोरा कागद नाही, सगळे पोरांनी सरावाला नेले. तेव्हा हेच पाठवतो. भिवाशेट, नाही म्हणू नका.