बिनहाताचा मुकादम

चिकलठाणा,
रविवार

प्रिय सावनी,

फोन उचलत नाहीस, मेसेज बघून न बघितल्यासारखं करतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. फाडून टाकायचा तर टाक, पण आधी वाच बाई.

आपला मुकादम काम करत नाय गं. ज्वारीच्या मुळातला जीन काढून आपण बॅक्टेरियात घातला, त्यांच्याकडून ते किनेज नावाचं प्रथिन बनवून घेतलं, आणि पेशींना ‘आता वाढ, आता थांब’ असं बजावणारं प्रथिन म्हणून तूच त्याचं बारसं केलंस, मुकादम. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा ठिपका लावायचा, एवढंच त्याचं काम. ठिपका लागला की फिल्मवर काळी पट्टी उमटते. तू केलंस तेव्हा उमटली. पेपर छापून आला, तुला हैदराबादची नोकरी लागली, आणि तेव्हापासून मी करतेय तर फिल्म कोरी. दरवेळी कोरी. माझा अख्खा प्रबंध त्या एका पट्टीवर उभा आहे आणि सर रोज विचारतात, झालं का?

आधी मी पाण्याला शिव्या घातल्या. आपल्या गावात काही बिघडलं की पाण्यावर ढकलायचं असतं. नळ येतो आठवड्यानं, मधल्या दिवसांत टँकर, आणि टँकर कुठल्या बोअरचा ते देव जाणे. नळाचं गाळून बघितलं, टँकरचं बघितलं, औषधाच्या दुकानातून इंजेक्शनचं पाणी आणलं. पाचोडहून येताना आमच्या विहिरीचं कॅन भरून घेतलं, तर आई म्हणाली, पोरीचं डोकं फिरलं. खरंच फिरलं होतं. मग एकदा विकतचं तयार किनेज त्याच पाण्यात टाकून बघितलं. पट्टी अशी काळीकुट्ट आली की मी स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. पाणी बिचारं निर्दोष होतं.

जेवायला अजून तिथंच बसते, जिन्याखाली. तुझ्या आईच्या अळूवड्या मी हाणायचे आणि आमचा ठेचा तू नाक पुसत पुसत खायचीस. वरून विमान गेलं की म्हणायचीस, नंदे, बघ, त्यातनं आपण जाणार. आता कुणाशी बोलू? सरांशी बोलायची हिंमत नाय, घरी बोलायची सोय नाय.

गेल्या आठवड्यात मी जीन अक्षरन् अक्षर वाचून घेतला. फ्रीझरमधल्या पहिल्याच ट्यूबमधला, जिच्यातून तू ते प्रथिन बनवलं होतंस. जिथं ते किनेज काम करतं, नेमकं तिथलंच एक अक्षर बदललेलं निघालं. या मुकादमाला हातच नाहीत, सावनी. पहिल्या दिवसापासून नव्हते. ती पट्टी त्याची असूच शकत नाय. विकतच्या किनेजची बाटली तेव्हाही त्याच कप्प्यात असायची, हे मला आता सुचतंय, आणि सुचलं म्हणून मीच माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय.

तुझी पट्टी उमटली त्या दिवशी मी लॅबमध्ये नव्हते. पाचोडला मला बघायला पाहुणे आले होते. पोरीच्या संशोधनातून काही निघत नाय, आता उरकून टाकू, असं अप्पांनी ठरवूनच टाकलं होतं. आदल्या दिवशी तुझ्या गळ्यात पडून मी किती रडले होते. आणि बैठकीत मान खाली घालून बसले होते तेव्हाच तुझा फोन आला, नंदे, पट्टी आली! मी सगळ्यांदेखत उठले. अप्पांना म्हणाले, माझं काम झालंय, आता डिग्रीशिवाय लग्न नाय. पाहुणे चहा पिऊन गेले आणि मी सुटले. पेपरवर पहिलं नाव माझंच लागायला हवं, हा हट्टही तूच धरलास.

नागपूरच्या एका मुलीचा मेल आलाय. आपला पेपर वाचून तिनं तेच काम सुरू केलंय. विचारते, ताई, माझी फिल्म कोरीच येते, माझं काय चुकतंय? काय लिहू तिला? गप्प बसायचं लई करून बघितलं, जमत नाय. पुढच्या सोमवारी मी सरांकडे जाणार आहे आणि पेपर मागे घ्या म्हणणार आहे. माझी डिग्री जाईल, तुझी नोकरी जाईल, अप्पा पुन्हा पाहुणे बोलावतील. मला फक्त एवढंच सांग, की तू ते माझ्यासाठी केलंस. नोकरीसाठी केलं असशील तर मला कळू देऊ नकोस, तेवढं सोसायचं बळ नाय माझ्यात. आणि ये सावनी. भांडायला ये, मला अडवायला ये, पण सोमवारच्या आत ये. त्या दारातून एकटीनं आत जायला माझे पाय उचलत नाहीत गं.

तुझीच,
नंदी