भिंतीला मठार

४ फेब्रुवारी

पत्रे परत आले! सगळेच्या सगळे. नोएडाच्या एका ऑफिसात रिसेप्शनची भिंत तांब्याची करायची आहे. ऑर्डर घेताना आमच्या सुकन्यानं सांगून ठेवलं — हाताचं काम मिळेल. हाताचं कुठलं! ह्यांनी इथं मानेसरच्या शेडमध्ये प्रेसवर दाबून काढले. दिवसात ढीग. रुचिरा मॅडम — डिझायनर, पुण्याचीच पोरगी — आली, बोट फिरवलं, म्हणाली, "काकू, हा खड्डा आणि तो खड्डा जुळे भाऊ आहेत. हा तर वॉलपेपर झाला."

हे म्हणतात, मशीन कधी चुकत नाही. तेच तर! म्हटलं.

चिडले मी. पण तिचं खरं होतं म्हणूनच चिडले.

५ फेब्रुवारी

सुकन्या म्हणते, हॅमर्ड फिनिश. मी म्हटलं, त्याला मठार म्हणतात.

"मटार?"

दिल्लीत वाढलेली पोर! मामा तांबट, आजा तांबट, आणि नात मटार सोलतेय. तिला सांगितलं — हंड्याला हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देतात, पत्रा कडक होतो, चमकतो, ते मठार. "अच्छा, टेक्स्चर," म्हणाली. असेल बाई.

थोरल्या भावाला, नरसिंहदादाला फोन लावला. पुण्याच्या आमच्या घरात अजून ठोकणारा तो एकटाच. ठोकून ठोकून कान गेलेत, ओरडावं लागतं. मला काय त्याचं! तांबटाची पोर मी, हळू बोलायला शिकलेच नाही.

"भिंतीला मठार?" तो म्हणाला. "का? भिंतीत पाणी तापवणारेत?"

"तू ये तर खरं."

"भांडं असेल तर सांग." फोन ठेवला. मेला.

७ फेब्रुवारी

वहिनी गेल्यापासून एकटाच असतो. काय खातो, देव जाणे. परत फोन केला. पत्र्याचं नावच काढलं नाही. म्हटलं, आमटी खायला ये.

८ फेब्रुवारी

येतोय!

११ फेब्रुवारी

निजामुद्दीनला उतरला तो धोतराच्या फडक्यात हातोड्या बांधून. कपड्यांची पिशवी एवढीशी. "आमटी खाऊन जाईन," म्हणाला. मी त्याला तसाच शेडमध्ये नेला, पत्रा दाखवला. नाक मुरडलं. मग जरा वेळानं बसला. पत्रा खाली खरवईच्या लोखंडावर टेकवला — ती पण आणलीय लबाडानं! — आणि पहिला ठोका दिला.

माझ्यापुढं एकदम दुपारच उभी राहिली. आमच्या आळीतली. पंचवीसेक हातोड्या एकदम, घराघरातून. भिंती थरथरायच्या, फळीवरचे डबे आपोआप पुढं सरकायचे. आम्ही पोरं त्या आवाजात गाढ झोपायचो. आवाज थांबला की दचकून जाग यायची — काय झालं? कोण गेलं? बाबांच्या बाजूला आई बसलेली, चिंच भिजवलेलं घंगाळ पुढ्यात, ठोकून झालेलं भांडं घासून गुलाबी करायला. काही बोलायची, पण त्या दणक्यात ऐकू यायचं नाही.

लग्न होऊन इथं दिल्लीला कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरात आले तेव्हा पहिल्या रात्री झोपच लागेना. एवढी शांतता! कानात बोळे घातल्यासारखी.

१४ फेब्रुवारी

दादा आता आपणहून उठतो, चहाच्या आधी ठोकायला बसतो. ठोका ठोक्यासारखा नाही, तरी सगळे एका घरातले. रुचिरानं फोटो मागवले. "काकू, बस, हेच!"

मी मागची खोली रिकामी करून घेतली. गोणपाटं, जुने ब्रश, ह्यांची फौजेतली पेटी — सगळं माळ्यावर. ह्यांनी विचारलं, कशाला? म्हटलं, राहील तो इथंच. "त्याला विचारलंस?" विचारायचं काय त्यात! माहेरचं एक माणूस जवळ असावं. एवढंच तर मागतेय.

१६ फेब्रुवारी

विचारलं. "बघू," म्हणाला. म्हणजे नाही. त्याचं बघू मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग मीही बोलले. पुण्यातली स्थळं होती, आपल्या आळीतलं एक होतं! आणि मला दिली ती फौजीला, इतक्या लांब. कुणी विचारलं मला? फेकलीत तशी फेकलीत, आता दोन वर्षं माझ्याकडं राहायला काय होतं?

त्याला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. हातोडी फिरवून बघत बसला.

१९ फेब्रुवारी

काय सांगू! सकाळी शेडमध्ये गेलो दोघं, तर पत्रे काळे ठिक्कर! ओळीनं ठेवलेले. दादा कपाळाला हात लावून बसला. "ही तुमची दिल्लीची हवा!" मी म्हटलं, बसू नको, ऊठ. चिंच भिजवली, मीठ घेतलं, दोघं घासायला बसलो. कोपरं दुखून आली. पण काय गुलाबी निघाले! दादा म्हणाला, "आई असती तर नावं ठेवली नसती." हसलो. किती दिवसांनी.

तेवढ्यात सुकन्या आली. दारातच थांबली.

"आई… हे काय?"

"काळे पडले होते गं!"

"पडले नव्हते! मी काळे केले होते! औषध लावून! जुनं दिसायला हवं होतं त्यांना!"

पैसे देऊन भांडं कळकट करून घेणारी माणसं! मला कसं कळणार?

२० फेब्रुवारी

सुकन्या बोलत नाही. तिची स्वतःची पहिली ऑर्डर, कळतंय मला. दादानं हातोड्या फडक्यात बांधल्या. "पोरीचं नुकसान केलं. जातो." ह्यांनी पिशवी काढून घेतली त्याच्या हातातून. फौजी माणूस, ओढून घेतली म्हणा.

२१ फेब्रुवारी

रुचिरा येऊन गेली. मला वाटलं आता ऐकवणार. पोटावर हात धरून हसली. "काकू, माझी आजी पण हेच करून बसली असती." पण सोडलं नाही हं — परत काळे करा म्हणाली, चार दिवस जास्त देते. सुकन्या रात्रीचं जेवण माझ्याच ताटात जेवली. झालं.

१ मार्च

भिंत उभी राहिली. दादाला घेऊन नोएडाला गेलो. काळसर, आतून उजेड आल्यासारखी. जाणारी-येणारी पोरं गळ्यात पट्टे घालून येतात, जाता जाता हात फिरवतात. दादा लांबूनच बघत होता. मग त्यानंही फिरवला.

"बरी दिसते," म्हणाला.

गाडीत बसल्यावर रुचिराचा फोन — गुरुग्रामच्या हॉटेलची लिफ्टची लॉबी, हाच हात असेल तर. मी ओरडून दादाला सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मागच्या खोलीला पंखा आहे का?"

राहतोय!

९ मार्च

पहाटेपासून ठकठक ठकठक. डोकं उठलं. शेवटी शेडमध्ये जाऊन ओरडले, "अरे बंद कर तो आवाज! वेड लागेल मला!"

दादाला हे मात्र ऐकू आलं. हातोडी खाली ठेवून हसायला लागला. "आई रोज अशीच ओरडायची. तुला आठवत नाही? म्हणून तर हट्टानं तुला फौजीला दिली. बाबांशी भांडून. म्हणाली, माझी एक तरी पोर शांत झोपू दे."

आता रागवू कुणावर?