दारातली धूळ

घरच्या राणीसरकारांस तुझ्या नळीवाल्याचा सप्रेम नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

आज सभागृहात आपली नळी दाखवली, गर्भाशयातल्या जंतूंचा नमुना घेणारी. आठवतं, तपासणीहून परतताना तू म्हणाली होतीस, "अहो, दारातली धूळ पायाला लागून आत येते, ती घरातली कशी धरायची?" त्यावरूनच मी नळीला म्यान घातलं, म्हणजे वाटेतले जंतू नमुन्याला लागत नाहीत.

हे मी फक्त डॉक्टर भागीदाराला सांगितलं होतं, भाऊ मानून. आज तो मंचावर गहिवरून म्हणाला, "आमच्या घरी पाळणा हलला नाही. एकदा परतताना बायको म्हणाली..." आपलाच रिकामा पाळणा, आणि पुढे शब्दन्‌शब्द तुझं वाक्य. त्याच्या घरी दोन पोरं धिंगाणा घालतात गं! माझ्या शेजारच्या बाई मात्र डोळे पुसत होत्या.

नंतर जाब विचारला, तर खांद्यावर हात टाकून म्हणतो, "अरे, तुला असं रंगवून सांगता आलं असतं का?"

नळी काय, दुसरी करीन. पण ते भाषण कुणी फोनवर दाखवलं तर तू एकटी असताना ऐकू नकोस. मी रविवारी पोचतो. ते वाक्य मला पुन्हा तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझाच,
नळीवाला