तिघींपैकी कोण

४ मार्च

सरकारी वकिलाला माझा मुद्दा आधीच ठाऊक होता! मी तोंड उघडायच्या आत हा गृहस्थ उठून न्यायाधीशांना सांगतो – 'तपासायचा अधिकार म्हणजे टाळं ठोकायचा अधिकार नव्हे, असं बाई म्हणतील.' शब्दन् शब्द माझा. कालच माझ्या ऑफिसात बोललेला. तिथे आम्ही तिघीच – मी, माझी ज्युनिअर आणि सिस्टर, म्हणजे आमची अशील.

सिस्टरचं छोटंसं प्रसूतिगृह. परवाना खात्याची माणसं आली, ओल्या बाळंतिणींना रिक्षात बसवलं आणि दाराला सील लावून गेली. नोटीस नाही, सुनावणी नाही. या खात्याशी भांडण्यात माझी अर्धी वकिली गेली. पण असं कधी झालं नव्हतं.

७ मार्च

ज्युनिअर फोनवर कुजबुजत होती. मी आत गेले तसा ठेवला. 'कोण गं?' – 'आई.' आईशी कोण एवढं हळू बोलतं?

१० मार्च

नवरा म्हणतो, 'भाजीत मीठ जास्त पडलं तरी तू उलटतपासणी घेशील!' हसले. मग विचारलंच – माझ्या केसबद्दल बाहेर कुणाशी बोललास? त्याने ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला.

१५ मार्च

पुन्हा तेच! साक्ष द्यायला तयार झालेली बाळंतीण – तिच्या घरी खात्याचा माणूस आमच्या आधी पोचला. आता ती दारच उघडत नाही.

ज्युनिअरला समोर बसवलं. 'खात्यात कोण आहे तुझं?'

ती म्हणाली, 'मॅडम, शिकले ती तुमच्याच हाताखाली.'

'म्हणूनच विचारतेय.'

तिने खुंटीवरचा कोट काढला, ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. रडली असती तर बरं झालं असतं. नाही रडली.

२८ मार्च

जिंकलो! सील आजच काढायचा आदेश. न्यायाधीशांनी खात्याची भर कोर्टात खरडपट्टी काढली.

बाहेर पायऱ्यांवर सिस्टर गळ्यात पडली. डोळे पुसत म्हणाली, 'ताई, रागावू नका हं. तो खात्याचा साहेब फोन करायचा. वकीलबाई काय म्हणतात तेवढं सांगत जा, टाळं आम्हीच काढतो म्हणायचा. मला वाटलं, लवकर मिटेल.'

तिला काय बोलू? तिचं दार बंद होतं. नवऱ्यालासुद्धा विचारलं मी – हिला एकदाही नाही!

तशीच ज्युनिअरच्या घरी गेले. तिची आई दारात, भिंतीला धरून उभी. आजारी दिसत होती. 'ती भेटणार नाही,' म्हणाली. 'बसा' म्हणाली नाही.

१७ जून

नवी केस, तेच खातं. त्यांच्याकडून आज नवी वकील उभी राहिली – माझी ज्युनिअर.

फार नेटकं बोलली. माझ्याकडे एकदाही न बघता.