अर्ध्यावर ओढलेलं शटर

१० सप्टेंबर, बुधवार
काल ह्यांचं तेरावं झालं, आज चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल समस्त व्यापारी बांधव. फोटो कोणता, तर आमच्या महेशच्या लग्नातला! डोक्याला फेटा, चेहऱ्यावर हसू, खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात. खाली व्यापारी मंडळाच्या सगळ्यांचे फोटो, ह्यांच्यापेक्षा मोठे. दुसऱ्याच्या मयतीत मिरवून घ्यायची हौस बघा. ह्यांची अंत्ययात्रा बाजारातून गेली तेव्हा एकानेही दुकान बंद केलं नाही. एकाने! आणि आता शोकाकुल.

११ सप्टें.
महेशने किराणा दुकान उघडलं. मीही जाऊन बसले. घरी भिंतीकडं किती बघायचं.
माणूस देव नव्हता. पोळी गार लागली की ताट सरकवायचे. पण मी महेशच्या बाळंतपणात पडून होते तेव्हा सुनीताच्या वेण्या ह्यांनीच घातल्या, एक वर एक खाली, आणि पोरगी तशीच ऐटीत शाळेत गेली.
आणि एक नेम जन्मभर. रस्त्यावरून कोणाचीही मयत जाऊ दे, हातातलं माप खाली ठेवायचं, शटर अर्ध्यावर ओढायचं, पायरीवर हात जोडून उभं राहायचं. आपल्यातलं असो, भीमनगरातलं असो, जनाजा असो. एकदा ऐन दिवाळीची गर्दी. मी म्हटलं, अहो, कोण आहे ते तरी बघा आधी.
"गेलेलं माणूस हाय. आजून काय बघायचं?"

१५ सप्टें.
समोरचे कापडवाले बसवराज अण्णा आले. मी तोंडावरच विचारलं, त्या दिवशी दुकान उघडं कसं होतं?
"वैनी, बाजाराचा दिस. गिऱ्हाईक हुबं व्हतं बगा."
गिऱ्हाईक! त्यांचे वडील गेले तेव्हा आमच्या दारात काय कावळे उभे होते? समोरासमोर आयुष्य गेलं, सणाला ताटं इकडून तिकडं. चहा विचारला नाही मी.
म. म्हणतो, आई, असं बोलू नको, आपल्याला धंदा करायचाय. कर ना. पण आजपासून कोणाच्याही मयतीला आपलं शटर हलणार नाही, सांगून ठेवलंय. म. वजनं पुसत बसला. सुनीताचा नांदेडहून फोन, तिलाही तेच सांगितलं.

२२ सप्टें.
दुपारी एक मयत गेली. म. उठला, मी हाताला धरून बसवला. खांदेकरी आमच्या दुकानाकडं बघत गेले. बघू दे. बाकीच्यांनीही शटरं ओढली नाहीत.
संध्याकाळी ताट तसंच सरकवलं, ते वेगळं.

२३ सप्टें.
फळगाडीवाले बागवान चाचा पायरीवर येऊन टेकले.
"भाभी, काल तुमी नै ओढलं, तर कुणीच नै ओढलं."
मी म्हटलं, मग? माझं काय त्यात?
"पैले काकांचं शटर खाली यायचं, ते बघून बाकीच्यांचं. काकांच्या मय्यतीला सगळे तुमच्याच दुकानाकडं बघून राहिले. ते तर बंदच व्हतं. मी बी गाडी थांबवली नै. सुरवात कोण करणार?"
ऐकून डोकं शांत व्हायचं तर जास्तच भडकलं. म्हणजे इतकी वर्षं ह्यांच्याकडं बघून बाजाराने एवढंच घेतलं? मेंढरं परवडली. हे असते तर हसून सोडून दिलं असतं. मला नाही सुटत. आणि तुमचाही रागच येतो हो. अख्ख्या बाजाराचं एकट्याने करून ठेवलंत, त्यांना सवय लावलीत आणि निघून गेलात.

६ ऑक्टो., सोमवार
बसवराज अण्णांची आई पहाटे गेली. गौराक्का. सुनीताला पायावर घेऊन पहिली आंघोळ तिनेच घातली होती. माझी आई तेव्हा नव्हती. अलीकडं डोळे गेलेले, तरी काठी टेकत रस्ता ओलांडायची आणि ह्यांना अर्ध्या कानडीत शिव्या द्यायची, गुळाला खडे आहेत म्हणून.
सकाळी जाऊन पायावर डोकं ठेवून आले. अण्णांशी बोलले नाही.
म. लातूरला माल आणायला गेलाय. फोनवर विचारतो, "आई, काय करणार तू?" म्हटलं, तू ये निवांत.
आता दुकानातच लिहितेय. गल्ल्यावर एकटीच आहे, हाताला काहीतरी पाहिजे.
अण्णांचं दुकान बंद. बाकी सगळी उघडी. भांडीवाला, मेडिकलवाला, चप्पलवाला, सगळे आपापल्या पायरीवर येऊन उभे, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. चाचांनीही गाडी कडेला घेतलीय, तेही इकडंच बघतायत. यांना स्वतःचे हात नाहीत का? कालपर्यंत गिऱ्हाईक होतं ना उभं?
त्यांच्यात, लिंगायतांत, मयत बसवून नेतात. चेहरा उघडा असतो, म्हातारी आमच्या दारावरूनच जाणार. टाळ कोपऱ्यापर्यंत आलेत.
समोर एक बाई पिशवी धरून उभी. "मावशी, साखर देताव ना?"
देते म्हटलं. थांब जरा.