मोटर आपोआप चालू होते

आप्पा,

वालचंदनगरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत लिवतोय. हितली भजी लई झक्कास. पण ते ऱ्हाऊ द्या.

तुमाला आराम मिळावा म्हणून मी विहिरीवरच्या मोटरीला ऑटो बसवला. लाईट आली की मोटर आपोआप चालू होती. म्हशीच्या धारा काढायचं काम शेजारच्या शकुबाईकडं लावून दिलं. दूध न्यायला डेअरीची गाडी दारात येती. तुमी म्हणालात, "उंडग्या, मला रिकामा करून तू कुठं निघालास?"

काल छकुली फोनवर हसत व्हती, "दादा, आप्पा दिवसभर विहिरीवर बसत्यात. मोटर आपोआप चालू झाली की बंद करत्यात, अन् परत हातानं चालू करत्यात!"

आधी डोकं फिरलं. मग आठवलं, आज्याच्या मेंढरांमागं तुमी काटेवाडीपास्नं कोकणात चालत जायचा. ती वाट सांगताना तुमचा आवाज बदलतो. ऊस लावला अन् तुमी सोताला त्या मोटरीला बांधून घेतलं. मला उंडगा म्हणता, पर ही पायाची खाज तुमचीच हाय.

आता शेत तुमच्याबिगर चालतंय. त्याच वाटेनं दोघं जाऊ.

हे पत्र टाकत न्हाय. छकुली वाचून दावंल, अन् तुमी म्हणाल, "मोटर कोण बघंल?" त्यापरास मीच येतो. काठी-घोंगडं मी माळ्यावरून काढीन. तुमी फकस्त बटणावरचा हात काढा.

तुमच्याच वळणाचा उंडगा,
मल्हार