दोन कुलपांचा मठ

३ मार्च, सोमवार

पत्र आलं! जर्मनीचं! ज्या मठाच्या इतिहासाचा मी दोन वर्षं मराठीत अनुवाद करतेय, त्याच मठात म्हणे अनुवादकांसाठी एक खोली ठेवलीय. जून ते ऑगस्ट या, राहा, पुस्तक पुरं करा. उत्तर २० तारखेपर्यंत.

दादरच्या प्रकाशकांना फोन केला तर ते माझ्याहून खूश. "जा हो दीपिकाताई, विचार कसला करताय?" विचार कसला! आईला कुठे ठेवू, हा.

तिला काही सांगितलं नाही.

५ मार्च, बुधवार

प्रकरण चार. सन अकराशे चाळीस. सात वर्षांची आडेलहाइड. आईबापांनी तिचा हात वेदीवरच्या कापडात गुंडाळला आणि तिला मठाला देऊन टाकलं. संपलं! तिला कोणी विचारलं नाही. मोठेपणी ती दाराची राखण करी. दाराला दोन कुलपं – एकाची किल्ली आत, दुसऱ्याची बाहेर. दोन्हीकडून उघडल्याशिवाय दार हलायचं नाही.

आमचा प्रफुल्लदादा बाराव्या वर्षी श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू, झाला होता, मे महिन्याच्या सुट्टीत. डोकं भादरलं, चीवर घातलं, अख्खी चाळ त्याच्या पाया पडली. आईसुद्धा! दहा दिवसांनी चीवर परत केलं आणि संध्याकाळी गल्लीत क्रिकेट. आता पनवेलला दोन बेडरूमचा फ्लॅट.

मला कोणी चीवर दिलं नाही. बाबा गेले तेव्हा तो भर बैठकीत म्हणाला, "दीपिका आहे ना आईजवळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं. अकरा वर्षं झाली त्याला. या परळच्या खोलीत माझा हात कापडात गुंडाळलेला आहे तो आहेच.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. वहिनीनं गुलाबाचं चित्र पाठवलं.

११ मार्च, मंगळवार

बाथरूमला जाऊन येते तर आई खोलीत नाही! अर्धांगाचा झटका येऊन पाच वर्षं झाली, डावा हात अजून जड, आणि ही बाई काठी टेकत तीन जिने एकटी उतरून विहारात! मी ओरडलेच. म्हणाली, "वंदनेला गेलेले गो. येताना बोंबीलपण आणले." बोंबील! पडली असती म्हणजे? निस्तरायचं कोणी?

जेवताना नेहमीचं – "तुझ्या भिक्खुणींचं काय चाललंय?" रोज विचारते, टीव्हीवरच्या मालिकेची चौकशी करावी तशी. आडेलहाइडचं सांगितलं. भात चिवडत बसली.

"आयशीनं दिली?" एवढंच म्हणाली.

१५ मार्च, शनिवार

शेवटचं प्रकरण. सन पंधराशे सव्वीस. शहराच्या कारभाऱ्यांनी मठाची दोन्ही कुलपं काढली. ज्यांना घरी जायचंय त्यांनी खुशाल जा! आत एकतीस जोगिणी. गेल्या किती? चार! बाकीच्यांनी दार आतून लावून घेतलं.

मूर्ख बायका! मला कोणी असं दार उघडून दिलं असतं तर मी चपला घालायलासुद्धा थांबले नसते. इतका संताप आला की लॅपटॉप मिटला आणि चादरी धुवायला काढल्या.

१८ मार्च, मंगळवार

शेवटी दादाला फोन केला. तीन महिने आईला नेशील का? मला वाटलं आता कारणं देईल. तर – "नेतो की! आधी का नाही बोललीस?"

मग दिवसभर विचार. त्यांची लिफ्ट सारखी बंद पडते. वहिनीला आईचं पथ्य जमायचं नाही. औषधं चुकतील. तिला तिथे करमायचं नाही. तिला मात्र हे विचारलं नाही.

संध्याकाळी मेल केला. "आईच्या प्रकृतीमुळे येणं शक्य नाही, क्षमस्व." दादालाही कळवलं, राहू दे, मी जात नाहीये. रडले. मग हलकं वाटलं – हे लिहायला नको होतं.

१९ मार्च, बुधवार

सकाळीच त्यांचं उत्तर. वाईट वाटलं, उद्या संध्याकाळपर्यंत जागा तुमच्यासाठी ठेवतो, मन बदललं तर कळवा.

आणि दादानं आईला सांगितलंच! कॉटवर बसली होती, टीव्ही बंद करून.

"माझ्या नावावर 'नाय' बोललीस त्यांना?"

मी म्हटलं, तुला टाकून कशी जाऊ?

हसली. चांगलं नाही हसली. "शेवंती पाच वर्सं बोलावतेय खेडला. अंगण हाय, विहार समोरच. मी काय सांगते तिला? दीपीला एकटीला कशी टाकू? पोरगी माझ्याशिवाय जेवायचीपण नाय."

शेवंतीमावशी तिची धाकटी बहीण. दर रविवारी दोघी फोनवर तासभर बोलतात. मला वाटायचं, दुखण्यांबद्दल.

कुकरकडे लक्षच राहिलं नाही. भात करपला.

२० मार्च, गुरुवार

आई सकाळच्या एसटीनं खेडला गेली. दादा सोडायला गेलाय. दारावर थांबून तिनं खोलीची एक किल्ली स्वतःच्या पिशवीत टाकली, दुसरी माझ्या लॅपटॉपवर ठेवली. "कुलूप लावून निघ. कुठंपण."

आता चार वाजलेत. दार उघडं आहे, चपला समोरच आहेत. मेल अजून लिहिलेला नाही.